लाभार्थी : एक

रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात
आडविलकर सरांनी हिरव्या पेनानं लिहिलं :
लेखनिक. तास चार. लाभार्थी एक.
खाली सही, नेहमीची, शेपटी लांब.

त्याच्या वरच्या ओळी अशा :
खाडीकाठी सफाई, सहा तास, गोणी बावीस.
कोपरीत रक्तदान, पाच तास,
मी फक्त सरबताचे ग्लास मोजले.
मासुंदा तलावाभोवती मतदार जागृतीची फेरी, तीन तास,
घोषणा कुठली होती तेही आता आठवत नाही.

मार्चपर्यंत एकशे वीस भरायचे होते.
खरं सांगते, मी तासांसाठीच गेले.

तळमजल्यावर एन.सी.सी.चे ढोल ठेवतात ती खोली.
एक बाक, दोन खुर्च्या,
आणि दारापाशी वर्तमानपत्रात बुडालेले पर्यवेक्षक.
विभावरी तरे. टी.वाय., इतिहास.
चेंदणी कोळीवाड्यातून एकटी आलेली,
पांढरी काठी घडी करून मांडीवर.
मी एफ.वाय. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो,
म्हणजे त्याला उत्तरं येत नाहीत असं धरून चालतात.

"अक्षर कसं आहे तुझं?"
बरं आहे, म्हटलं.
"बरं म्हणजे?
मला दाखवू नकोस. तपासणाऱ्याला दिसणार आहे."

प्रश्न तिनं दोनदा वाचून घेतला.
मग गप्प. बाकाखाली तिची बोटं
गुडघ्यावर काहीतरी चाचपत होती,
जणू नोट्स तिथंच ठिपक्याठिपक्यांनी उमटल्यात.
आणि सुरू झाली. विरामचिन्हांसकट.
"पूर्णविराम" असा म्हणायची
की माझं पेन कागदात रुतायचं.

तिसऱ्या प्रश्नात ती म्हणाली,
बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, अठराशे चौपन्न साली.

ठाण्यात शाळेत गेलेल्या
कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा.
पण सरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं,
ती सांगेल तेच. तू हात आहेस. हाताला तोंड नसतं.
मी अठराशे लिहिलं
आणि पुढे
सरकले नाही.

"थांबलीस."
नाही.
"थांबलीस. पेन वाजायचं बंद झालं."
पंखा कुरकुरत होता. पर्यवेक्षकांनी पान उलटलं.
"चुकलंय, हे तू मला सांगितलंस आत्ता.
आता मी बदललं तर ते उत्तर तुझं.
चौपन्नच लिही. स्वल्पविराम. पुढे."

मी लिहिलं.
कान तापले होते, तरी ओळ सरळ आली.
तासाला वीस मिनिटं जास्तीची, तीही संपली.
पुरवण्यांचा दोरा मी बांधला, गाठ तिनं बोटानं तपासली.

रात्री घरी सहज शब्दकोश उघडला
आणि पोटात खड्डा पडला.
पारंपरिक.
ती तसंच म्हणाली होती, स्वच्छ, प सुटा ठेवून.
मी लिहिलं होतं पारंपारिक.
जन्मभर लिहीत आले तसं.
उत्तरं आठवून मोजलं : निदान सात वेळा.
तिची एक चूक, तिनं जाणूनबुजून ठेवलेली.
माझ्या सात, तिच्या आसन क्रमांकावर.

फोन केला. तोंडातून शब्द फुटेना, तरी सांगितलं.
पलीकडे टी.एम.टी.त कंडक्टर असलेले तिचे वडील
सुट्टे पैसे मोजत असावेत, खळखळ ऐकू येत होती.
मग ती हसली की काय, कळलं नाही.
"सात काने," ती म्हणाली, "आणि एकही माझा नाही.
गुरुवारी दुसरा पेपर आहे. अर्धा तास आधी ये."

गुरुवारी ती सांगत गेली,
मी ढोलावरच्या धुळीत बोटानं लिहीत गेले :
सामाजिक. स्थित्यंतर. जबाबदारी. पारंपरिक.
"मोठ्यानं वाच."
वाचलं.
"आणखी एकदा. प वर पाय देऊ नकोस."

तो अर्धा तास
रजिस्टरात कुठल्या रकान्यात घालायचा, सरांना विचारलं नाही.
घंटा झाली.
हातांची धूळ मी ओढणीला पुसली
आणि पेनाचं टोपण काढलं.
"ऐकू आलं," ती म्हणाली. "लिही."