ज्याची गल्ली, त्याला कोरी

नियम मीच लिहिला, एका ओळीचा:
ज्याची गल्ली, त्याला दिसू नये.
खाणीवर वसलेल्या गावात
घरांचे तडे मोजायचे तर
मोजणाऱ्याचं घर त्याच्यापासून लांब ठेवायला हवं,
यात पाप काय?
स्वतःच्या भिंतीसमोर
भल्याभल्यांची पट्टी बोटभर सरकते.

त्बिलिसीच्या साहेबांनी मान डोलावली.
सोमवारी फोन सिंक झाले
आणि एकाच गावाचे चार नकाशे
चार खिशांतून चढणीला लागले.

गोचाला द्राक्षमांडवांची गल्ली कोरी.
त्सियालाला नदीकाठ कोरा.
झाउरीला चर्चमागचा चढ,
आणि लेवानी, जो अजून आईकडेच जेवतो,
त्याच्या स्क्रीनवर शाळेला लागून
नुसता पांढरा कागद.
बाकी सगळं सगळ्यांना.
हिरवा ठिपका म्हणजे लिंपून घ्या.
पिवळा म्हणजे सहा महिन्यांनी येतो.
लाल म्हणजे
खाली कारण लिहावं लागतं.

मला मात्र सगळं दिसतं.
माझ्या नावापुढे तशी खूण आहे.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
मी असा दिवा की ज्याला स्वतःचं बूडही दिसतं:
आमची इमारत, तिसरा मजला, पिवळा,
खाली त्सियालाची सही.

बुधवारी झाउरी गोचाच्या घरी गेला.
नानुलीनं कॉफी ठेवली, अक्रोड फोडले
आणि कपाट सरकवायला स्वतः हात लावला.
मागे तडा, जमिनीपासून छतापर्यंत,
मधोमध इतका रुंद
की कुणीतरी त्यात वर्तमानपत्र कोंबलं होतं.
'गोचाला नको सांगू,' ती म्हणाली,
'त्याला वाटतं, उजेडासाठी कपाट इकडे आणलं.'
झाउरीनं हे कारणाच्या रकान्यात लिहिलं नाही.
मला फोन करून सांगितलं.

म्हणजे माझ्या आधीच
त्या घरात नानुलीचा नियम लागू होता.
एक कपाट, चार पाय, एक आरसा.
माझ्यापेक्षा साधा.

संध्याकाळी लाल ठिपका उतरला
तीन फोनांवर.

गुरुवारी जेवताना
मक्याची भाकरी मोडली तेव्हा
झाउरीनं मोठा तुकडा गोचापुढे सरकवला.
त्सियालानं आपल्या वाट्याचं चीज दिलं.
लेवानी एरवी त्याची टोपी लपवतो,
त्यानं ती झटकून हातात दिली.
नियम कुणीच मोडला नाही.
एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

पाच वाजता गोचा माझ्या टेबलापाशी आला.
मी घाईनं स्क्रीन वळवली, उगाच.
तो बघतही नव्हता. खिडकीबाहेर
जुन्या रोपवेची रिकामी तार बघत होता.
'काही दाखवू नकोस,' म्हणाला.
'नियम बरा आहे. मी असतो तर पट्टी ओढलीच असती.
फक्त एवढं सांग, मक्वाला,
फेब्रुवारीत वेली छाटू का?'

छाटणी करतात ती पुढच्या हंगामासाठी.
हे मला कळतं, हे त्याला ठाऊक होतं.
असल्या प्रश्नाला नकाशात रकाना नाही,
टिक करायला चौकोन नाही.
खालून मँगनीजचा ट्रक गेला
आणि पेल्यातलं पाणी
जरा वेळ हलत राहिलं.

'छाट,' मी म्हटलं.
'पण काड्या जाळू नकोस यंदा.
चार-चार डोळ्यांच्या कापून
ओल्या पोत्यात बांधून ठेव.'

त्यानं टोपी घातली.
'दोन डोळे मातीत,' हिशेब केल्यासारखा म्हणाला,
'दोन वर.'