समुद्राची खूण

आप्पांना वर आणायला पाऊण तास लागला.
लळिंगच्या टेकडीला नव्या पायऱ्या, मध्ये तीन बाकडी,
तिन्हींवर बसून झालं.
एकावर कुणी किल्लीनं नाव कोरलेलं,
ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, फारच मोठ्यानं,
पुढचं जोडपं वळून बघायला लागलं.
ऐकू न येणारा माणूस
आपला आवाज दुसऱ्याच्या चेहऱ्यावर मोजतो.

कठड्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.
खाली धुळं.
पांझरेची बारीक धार, तिच्यावर पुलांचे टाके,
देवपुरातल्या गच्च्यांवर काळ्या टाक्या,
आणि शहर संपतं तिथून रान,
थेट आभाळाला टेकेपर्यंत.
आप्पा म्हणाले,
"समुद्र आसाच ऱ्हास का वं?"

एकतीस वर्षं सुरतेला, उधन्याच्या मागांवर.
बारा तासांची पाळी, चार मागांमधली अरुंद गल्ली,
कानात कोंबलेला कापूस संध्याकाळी काळा निघायचा.
डुमसचा किनारा रिक्षेच्या अंतरावर.
पण सुटी पडली की गावाकडची गाडी.
लग्नं, बारशी, मयतं
सगळं त्या आठ दिवसांत बसवलं,
समुद्र तेवढा बसला नाही.

मी पाहिलाय. कंपनीच्या खर्चानं, एकदाच,
टेकडीवरच्या अशाच एका रस्त्यावरून
रेलिंगला टेकून, शहाळं पीत.
खाली बंदर, शिडं, गलबतं,
आणि इतकं निळं की लाज वाटली.
फोटो काढले.
त्यांना दाखवले नाहीत.

आता सांगायचं कसं?
मागांच्या खडखडाटात तोंडाचा उपयोग नसतो, तिथे हात बोलतात.
ती बोली त्यांनी सुटीत घरी आणली,
मला शिकवली, तेव्हा मी दुसरीत:
दोन बोटं कात्रीसारखी, धागा तुटला.
मूठ कपाळाला, शेठ आला.
अंगठा ओठाला, चहा.
तळहात पुढे-मागे, चालू आहे.
निघताना एसटीच्या खिडकीतून
आईला तेवढंच करून दाखवायचे,
तेवढ्यावर ती पुढची सुटी गाठायची.
ती गेली त्या सकाळी
ते पिशवी घेऊन वळणावर दिसले, आणि मी दारातूनच
दोन बोटं वर केली.

समुद्राची खूण मात्र कारखान्यात नव्हती.
कुणाला कधी लागलीच नव्हती.

मी हात पसरले. "ताका?" त्यांनी विचारलं.
बोटांनी लाट केली. "साप?"
शेवटी माझी निळी ओढणी धरली पुढे,
ते चिमटीत घेऊन सूत बघत बसले.
"हलकं शे," म्हणाले. "कितलाले लिधं?"
शेंगा विकणाऱ्या जिभाऊला वाटलं आम्ही भांडतोय,
त्यानं एक पुडी फुकट दिली.

मग अंधार पडला. आधी रान गेलं, मग नदी.
दिवे राहिले, महामार्गावरचे काही चालते,
आणि दिव्यांच्या पलीकडे मोठं काळं काहीतरी
ज्याला काठ नव्हता.
"हे असं," मी म्हटलं.
हातानं नाही, तोंडानं. म्हणजे कुणालाच नाही.

आप्पांनी कठड्यावर तळहात ठेवला.
वारा असेल, किंवा घाट चढणारे ट्रक,
लोखंड बारीक थरथरत होतं.
पाळीच्या सुरुवातीला माग तपासावा
तसे ते बराच वेळ उभे.
मग माझा हात ओढून शेजारी ठेवला,
आणि मोकळ्या हातानं, त्या काळ्याकडे बघत,
तळहात पुढे, मागे.

उतरताना एकही बाकडं लागलं नाही.
पायथ्याशी म्हणाले, "आते डुमसले कसाले जावानं?"
रिक्षावाला दचकला.
आणि सोनगीर येईस्तोवर
दोनदा विचारलं, तिकीट कितलं पडी.