पंधरा खुर्च्या

ग्रिम्सबीच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर म्हाताऱ्यासारखा खाकरतो त्या खोलीत
मी सप्टेंबरात पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या
शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी.
एक वर्ष इथे, मग विद्यापीठ.
मार्च उजाडेतो नऊच भरायच्या.
उरलेल्या सहा मी भिंतीला लावल्या नाहीत.
न जाणो, कुणी परत येईल.

ग्लेनिस, तू खिडकीजवळ बसायचीस
रात्रपाळी उरकून थेट आलेली,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ
आणि बोटांना हॅडॉकचा वास,
लिंबाने जात नाही म्हणून हात
महिनाभर टेबलाखाली.
वय सत्तेचाळीस. शाळा सुटून एकतीस.

पहिला निबंध पाठकोऱ्या कागदावर आणलास.
कोरा म्हणजे अगदीच कोरा नाही:
ब्लीच, अंडी, कीरनचे बूट.
मी म्हणालो, "सुरुवात कुठून करायची
तेच कळलेलं नाही तुला."
बराच वेळ गप्प होतीस. मग विचारलंस,
"मासा कधी कापलाय का तुम्ही?
आधी सुरी कण्याला लागावी लागते.
लागली की आवाज बदलतो.
मग कण्यावरून चालत राहायचं नुसतं,
मांस आपलं आपण सुटतं."
आणि कागद परत घेतलास.

दुसऱ्या खेपेला निबंधाला कणा होता.
मी लाल पेन खिशातून काढलंच नाही.
(खोटं. तीनदा काढलं.
स्वल्पविराम तू मिठासारखे टाकतेस.)

बोग्दानला तळटीप पटेना.
दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर घेतलं,
वर त्याचं नाव कशाला मिरवायचं?
"खोक्यावर बोटीचं नाव असतं ना," तू म्हणालीस,
"माल कुठला ते कळायला. तसंच."
एकोणीस वर्षं मी जे फळ्यावर लिहितोय
ते तू एका सिगरेटीत उरकलंस.

जूनमध्ये तुला पत्र आलं. हल विद्यापीठ.
हंबरच्या पलीकडे, लांब पूल ओलांडून.
मी सगळं सांगितलं: लायब्ररीचं कार्ड,
मुदती, कर्जाचा फॉर्म, परतीची शेवटची बस.
हे नाही सांगितलं की तिथे
तीनशे खुर्च्या असतात
आणि एखादी रिकामी राहिली तर
ती कुणी मोजत नाही.
अठरा वर्षांची पोरं आधी तुला
प्राध्यापक समजून वाट देतील,
मग नाहीस कळल्यावर
मधे एक जागा सोडून बसतील,
हेही नाही.
माहीत होतं मला.
तुझ्या चेहऱ्याकडे पाहून बोलवलं नाही.

ऑक्टोबरात फोन आलास, रात्री पावणेदहाला.
मागे बसचं इंजिन आणि पुलावरचा वारा.
"आज दिवसभर कुणी माझं नाव घेतलं नाही.
कारखान्यातसुद्धा घ्यायचे,
शिवी जोडून का होईना."
काहीतरी शहाणं बोलावं म्हणून मी घसा साफ केला.
आणि विचारलं काय, तर जेवलीस का.
तू हसलीस. मग, "परत येऊ का?"

पुलावर होतीस तू तेव्हा.
खाली गढूळ पाणी, भरती की ओहोटी कोण जाणे.
मी या काठचा माणूस, ग्लेनिस,
माझं सगळं शिकवणं काठापर्यंतचं.
"बस तर इकडेच येतेय," मी म्हणालो,
"सकाळी तीच तिकडे जाते."
याहून बरं काही सुचायला हवं होतं.
आजतागायत सुचलेलं नाही.

यंदा तेराजण आलेत.
एक पोरगा जॅकेट काढतच नाही,
एक बाई दर वाक्याआधी माफी मागते.
हीटर तसाच.

काल डबा खाताना तुझा मेसेज वाचला:
"आज पुढच्या रांगेत बसले. हात वर केला.
तीनशेत एकच. वास आला असेल तर येऊ दे.
प्रश्न चुकीचा होता म्हणे.
पण बाईंनी नाव विचारलं.
नीट ऐकू गेलं नाही,
म्हणून दोनदा."