सेन्सरवरचा ठिपका

हाप्सालूच्या वाचनालयाखाली, तळघरातल्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही सात जण जमतो.
सगळ्यांच्या बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी.
थंडीत बॅटरी रुसते,
ऊब दिली की अजून दहा-वीस टक्के बोलते.

हिल्लारला सल्ला द्यायला कारण लागत नाही.
बाहेरून आलात की कॅमेरा लगेच काढू नका,
तासभर पिशवीतच राहू दे,
नाहीतर काचेला घाम फुटतो.
बर्फ करडा येतो? मीटर भित्रं असतं,
त्याला वाटतं एवढं पांढरं कुठे असतं का,
एक पायरी वर चढवा त्याला.
शार्पनिंग मिठासारखं. कळलं तर जास्त झालं.

कोइतने लेन्स घेतली, सहाशेची,
तिच्या वजनानं ट्रायपॉडनं मान टाकली.
नाकापेक्षा मोती जड, आम्ही म्हणालो,
आणि रांग लावून तिच्यातून बघून घेतलं.

वैके नोव्हेंबरात आली.
गळ्यात लेम्बितचा कॅमेरा, पट्टा त्याच्याच मापाचा,
चालताना तिच्या पोटावर आपटणारा.
लेम्बित आमच्यात कधी आला नाही.
धक्क्यावर दिसायचा, हंसांकडे तोंड करून.
हात केला तर मान हलवायचा, बस.

तिनं खाडीचे फोटो दाखवले.
आकाशात डावीकडे, वर, एक मळकट ठिपका.
पुढच्या फोटोत तिथंच. त्याच्या पुढच्यातही.
हंस उडाले, उजेड फिरला, ठिपका ढिम्म.
पक्षी असेल, ती म्हणाली.
धूळ आहे, हिल्लार म्हणाला, सेन्सरवर.
एफ सोळाला उघडी पडते, एफ चारला लपते.
कॅमेरा उपडा धर, रबरी फुग्यानं हवा मार,
तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते.
आणि आधीच्या फोटोंतली काढायची तर
हा ब्रश, असा टेकव.
तिनं टेकवला. आकाश मिटलं.
मग म्हणाली, पण त्याच्या फोटोंत हा नव्हता.

पुढच्या गुरुवारी हार्डडिस्क घेऊन आली.
नऊ वर्षं, चौदा हजार फोटो.
कोइतनं एक उघडला आणि
'मूळ स्थिती'चं बटण दाबलं.
बर्फ निळा पडला, क्षितिज कललं,
आणि डावीकडे, वर, तो आला.
दुसरा उघडला. तिसरा. मधलाच कुठला तरी.
दर वेळी तो होता, आणि दर वेळी
लेम्बितनं त्याच्यावर ब्रश टेकवला होता,
हललेल्या फोटोंतसुद्धा, कुणाला दाखवायचे नव्हते त्यांतसुद्धा.

एका फोटोत वैके, बटाटे सोलताना.
एफ दोन. मागे कपाट, अंधूक.
ठिपका तिथं दिसणारच नव्हता.
तरी ब्रशची खूण होती.

अरे, एकदा पुसला असता, हिल्लार म्हणाला,
दोन मिनिटांचं काम.
किंवा एकाची दुरुस्ती सगळ्यांना लावायची, एक क्लिक...
आणि मग चष्मा काढून पुसत बसला.

वैके म्हणाली, जेवायला हाक मारायचे,
वरून म्हणायचा, एवढा एक.
मला वाटायचं, काहीतरी मोठं चाललंय.

फुग्यानं ठिपका निघाला नाही. चिकटला होता.
ओली पट्टी लागली, हिल्लारनंच फिरवली,
श्वास रोखून, एका दिशेनं, एकदाच.
तिनं पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, एफ सोळा.
शंभर टक्क्यांवर मोठा करून
डावीकडे, वर, बराच वेळ बघितलं.
भिंत होती.

आता मार्च. खाडी अजून अर्धी गोठलेली.
वैकेचे फोटो सुधारलेत, क्षितिज सरळ असतं,
बर्फ पांढरा येतो.
फक्त तो कोपरा ती मोकळा सोडत नाही.
कधी तिथं एखादा कुरव, कधी शिडाचं टोक,
एकदा नुसती धुराड्याची कड.

लक्ष तिकडे जातं, हिल्लार सांगतो, कातरून टाक.
बघते, ती म्हणते,
आणि बॅटरी काढून आतल्या खिशात ठेवते.