वाऱ्याच्या खालच्या अंगाला

रंगावरून नाव ठेवलं: काथ.
पानाच्या ठेल्यावर डब्याच्या कडेला सुकतो तो रंग,
आणि छातीवर पांढऱ्यात उडालेले शिंतोडे.
जर्मन जात. सोबत कागद आला होता:
हुंगेल, रोखेल, उचलून आणेल,
पाण्यात शिरेल, जखमी जनावराचा माग काढेल.
खाली मी सही केली.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
काडतुसं तपासून करायचो, तशीच.
झाडलं एकही नाही.

पहिले दोन महिने फक्त 'थांब'.
बोहरी आळीतली तीस फुटी दोरी,
एक टोक त्याच्या पट्ट्याला, एक माझ्या कमरेला.
तळजाईच्या मुरमावर
कोण कुणाला शिकवतंय हे
माझ्या गुडघ्यांवरून कळायचं.
"ढमढेरे, रिटायर झालात ना?"
फिरायला आलेले विचारायचे, उत्तरासाठी न थांबता.

मग मोज्यात वाळू भरून
त्यावर कबुतराची पिसं बांधली. फेक, आण. फेक, आण.
बंदुकीची भीती मोडावी म्हणून
त्याच्या जेवणाच्या वेळी परातीवर लाटणं.
खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली.
तोंड मऊ राहावं म्हणून अंडं.
पहिली अकरा फुटली.
बारावं त्याने स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं,
लाळेने ओलं, अखंड.
हिने त्याचं आम्लेट केलं नाही.
दोन दिवस वाटीत होतं, देवाजवळ नाही,
पण देवाच्या बाजूच्या फळीवर.

वासाचं मात्र जमेना.
म्हणजे त्याला जमत होतं,
मी भलत्याच बाजूला उभा असायचो.

सासवडकडच्या माळावर सुपडू काळे भेटला,
दुसऱ्याच्या शेळ्या राखत होता.
फासेपारधी. बापाकडे म्हणे
घोड्याच्या केसांचे पंचेचाळीस फासे होते.
"एका फाशापायी चार दिवस चौकीत ठेवला त्याला.
आणि तुम्ही पैसे घालून शिकवताय."
आवाज चढला नव्हता. बिडी दगडावर विझवली,
उरलेली कानामागे ठेवली.
मग काथकडे बघत:
"ह्याला येतंय सगळं.
वाऱ्याच्या खालच्या अंगाला कसं ऱ्हायचं
ते तुम्ही शिका."

मार्गशीर्षातली सकाळ. कुसळी गवत दवाने जड.
काथ धावता धावता
स्वतःलाच अडखळला.
उजवा पाय उचललेला, शेपूट सरळ,
नाकापासून पुढे सगळा माळ ताणलेला.
मराठी वाक्यासारखा:
कर्ता आहे,
कर्म गवतात दबून आहे,
क्रियापद यायचंय.

ते तो माझ्याकडे मागत होता,
मान न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून.
दीड वर्ष मी हेच तर घोकवलं:
तू थांब, पुढचं मी करीन.
माझ्या हातात शिट्टी होती.
खिशात भाजलेल्या कलेजीचे तुकडे.

किती वेळ गेला कोण जाणे.
सुपडूच दोन पावलं पुढे झाला
आणि एकच टाळी वाजवली.
तितर उठला, फर्रकन, मग दुसरा,
मग गवतच उठल्यासारखं झालं.
"सात," सुपडू म्हणाला.
जरा थांबून, "सवय. बापाची."

काथ जागचा हलला नाही.
सातही ठिपके टेकाडापल्याड जाईपर्यंत बघत राहिला,
मग माझ्याकडे वळला,
एखादी पेटी परत पाठवताना
मी बघायचो तसा.
कलेजी घेतली त्याने. माझं मन राखायला असेल.
सुपडूलाही देऊ केली, तो हसला,
शेळ्यांमागे गेला.

दिवे घाट उतरताना तो मागच्या सीटवर झोपला.
पाय हलत होते. ओठ थरथरत होते.
माझ्याविना तो ते वाक्य
कुठेतरी पुरं करत होता.
मागून हॉर्न वाजत राहिले,
मी गाडी हळूच ठेवली.