घमेलं

दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं :
आज बंद. पंप बाहेर आहे, हवा भरून घ्या.
आणि पहाटेच निघालो देवळाकडं.

घंटा गुरुवारपासून गप्प आहे.
रात्रीशिवाय ती बोलणार नाही,
पण दोर तर आजच बदलायचा.
झोपलेल्या लेकराच्या पायात
पैंजण घालावेत
तसा बांधला, श्वास धरून.

मग पेटी. भात्याला भोक.
येशबा मास्तर म्हणाले, "वरचा सूर दम सोडतोय."
ट्यूबचा तुकडा कापला, घासला, सुलेशन लावलं,
अंगठ्यानं दाबून धरला.
सायकल असो की स्तोत्र,
हवा निघते ती एकाच वाटेनं.

वेदीच्या कपड्याला हात लावायची भीती वाटते.
नखातलं ग्रीस रॉकेलनं जात नाही.
सुगंधा होती तोवर इस्त्री तिची,
पांढऱ्याला किती जपावं लागतं
मला कधी कळलंच नाही.
या वर्षी हातांना तिचं जुनं लुगडं गुंडाळून
घडी मोडली.

नऊच्या गाडीनं संभाजीनगर.
सिस्टर फिलोमिनांनी मेणबत्ती दिली, पास्काची,
साडेतीन फुटांची, मनगटाएवढी जाड.
"उन्हात नेऊ नका हं."
बाहेर एप्रिल होता.

ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली.
कंडक्टरनं पाहिलं. "बाळ आहे का?
अर्धं तिकीट काढू?"
मी हसलो. तो नाही हसला,
नुसता पुढं गेला.
खिडकीतून ऊन आत यायचं,
मी पाठ तिकडं करून बसलो, लासूरपर्यंत.

तरी वाकली.
मिस्सेला उशिरा आलेला माणूस
मागच्या बाकात शिरताना वाकतो, तशी.

फादर अजून दुसऱ्या गावात होते. बरं झालं.

टँकर बाराला येणार तो तीनला आला.
ड्रम धुऊन ठेवला होता.
ज्ञानोबा पाइप सोडत म्हणाला,
"किती लेकरं बुडवता रं यात?"
"दोन."
"मंग दोनशे लिटर कशाला?"
त्याला काय सांगू, उरलेलं पाणी
लोक बाटल्यांतून नेतात,
दारावर शिंपडायला,
तापलेल्या कपाळाला लावायला.
"उन्हाळा हाय," म्हणालो.
ते त्याला पटलं.

मेणबत्ती घेऊन दुकानात आलो, दार लावलं.
पंक्चरच्या घमेल्यातलं काळं पाणी ओतून दिलं,
माठातलं घेतलं.
तिरपी, अर्धी अर्धी, फिरवत फिरवत बुडवली,
ट्यूब फिरवतो तशी.
वातीच्या मुळाशी एक बुडबुडा आला.
मग एक.
मग नाही.
पाटीवर ठेवून तळव्यांनी लाटली,
पुन्हा बुडवली.
सरळ झाली म्हणता येईल.
शेंड्याकडं थोडी डावी आहे,
पण डावीकडं तर आपल्या देवळाची भिंतही आहे.

राहेलकाकूनं विचारलं, "साखर आणली का?"
साखर विसरलो होतो.
कोळसा आणला, माईकचे सेल आणले,
साखर विसरलो.
सायकलनं पुन्हा स्टँडवर.

रात्री अंगणात विस्तव केला.
फादरनी मेणावर वर्षाचे आकडे कोरले,
त्यांचा हात शेंड्याशी जरा थांबला,
माझ्याकडं पाहिलं,
मी जोड्याकडं.

मग अंधारात एका ज्योतीवरून दुसरी,
दुसरीवरून चाळीस.
येशबा मास्तरांचा वरचा सूर लागला,
सुटला नाही.
घंटेला मीच होतो. तळवे सोलले नव्या दोरानं.

शेवटी ड्रमपाशी आलो सगळे.
फादरनी मेणबत्ती पाण्यात बुडवली,
एकदा, दोनदा, तीनदा.
लोकांनी माना लववल्या.
मी पाण्याकडं बघत राहिलो,
सवयीनं,
बुडबुडा येतो का म्हणून.