फाटक

मंगळवार संध्याकाळ, बॉस्टनची लायब्ररी.
(लिंकनशरमधलं बॉस्टन. दुसऱ्याशी आमचा संबंध नाही.)
पाच कॉम्प्युटर, त्यातले चार चालू,
आणि मॉरिस एप्टन, वय अठ्ठ्याहत्तर,
एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर.
त्यांना तेच फाटक पडद्यावर काढायचंय.

काढलंही होतं. तांबडा-पांढरा दांडा,
मागे सपाट शेतं, कोबीची,
आभाळ पानभर.
फाटकाशी एक बाई, हातात सायकल,
गळ्यात हिरवा स्कार्फ, सहा रेघांचा.
तिच्या व्हेरिएबलचं नाव पॉलीन. मी विचारलं नाही.
"वारा हवा," म्हणाले, "इथे वारा नाही असं होत नाही."
म्हणून स्कार्फ हलतो.

म्हणजे हलायचा. मग त्यांनी लिहिलं:
फाटक पाड. थांब चार हजार. गाडी आण.
(चार हजार म्हणजे चार सेकंद; यंत्राला सेकंद
अख्खा गिळता येत नाही, हजार तुकडे करून भरवावा लागतो.)
आणि थांब म्हटल्याबरोबर सगळंच थांबलं.
दिवा विझलेला तो विझलेलाच.
स्कार्फ हवेत, इस्त्री केल्यासारखा.
चार सेकंदांनी बघतो तर गाडी येऊन गेलेली,
कोणाला न दिसता.

मी समजावलं: हा ड्रॉ नावाचा लूप
सेकंदाला साठ वेळा चित्र पुसतो, नव्याने काढतो,
तेच शेत, तोच कोबी, तीच बाई.
त्याला डिले दिला की काढणारा हातच झोपतो.
झोपवायचं नाही.
फाटक पडलं ती वेळ एका डबीत ठेवायची
आणि दर फेरीला विचारायचं, किती झाले?
नाही झाले? बरं. स्कार्फ हलव, दिवा मिचकाव,
पुढच्या फेरीला परत विचार.

हे सांगताना मला बाबांचं घटिकापात्र दिसत होतं.
बाबा लग्नं लावायचे, देवरुखच्या आसपास.
घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी,
बुडाला सुईएवढं भोक, वाटी भरत राहायची.
बाबा मंत्र म्हणत, दक्षिणेवरून हुज्जत घालत,
कोणाच्या तरी पोराला अक्षता खातोस म्हणून दटावत,
आणि मध्येच एक डोळा वाटीकडे.
मुहूर्तासाठी कोणी श्वास रोखून बसत नसे.
पण हे इंग्रजीत कसं सांगणार,
तेही आठाला दहा मिनिटं कमी असताना.

सांगावं लागलं नाही. मॉरिस म्हणाले,
"म्हणजे ड्यूटीच की.
घंटा झाली की घड्याळ बघायचं, किटली ठेवायची,
घड्याळ बघायचं, टोमॅटोला पाणी घालायचं,
घड्याळ बघायचं.
झोपलेला फाटकवाला कोणाला हवाय?"
आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत,
सगळं स्वतः लिहिलं.
एक अर्धविराम राहिला होता, तेवढा मी दाखवला.

फाटक पडलं. दिवे आलटूनपालटून लागले.
स्कार्फ हलत राहिला.
गाडी आली, तीन डब्यांची, गेली. दांडा वर.
बाई सायकल ढकलत रूळ ओलांडून
पडद्याच्या उजव्या कडेला पोचली आणि नाहीशी झाली.

त्यांनी पुन्हा चालवलं. पुन्हा ती गेली.
मग चार हजारावर एक शून्य वाढवलं.
चाळीस सेकंद ती उभी.
मध्येच मला वाटलं, तिने हँडलवरचा हात बदलला;
तसं काही लिहिलेलं नव्हतं.
आणखी एक शून्य.

"हा आकडा केवढा होऊ शकतो?"
मॉरिसनी विचारलं, माझ्याकडे न बघता.
"खूप मोठा," मी म्हटलं.
खूप मोठ्यालाही काठ असतो,
मोजणारी वाटी कधीतरी भरते, बुडते,
ते पुढच्या मंगळवारी सांगेन.

काउंटरवरच्या कॅरनने अर्धे दिवे घालवले.
आम्ही कोट चढवले, मॉनिटर तसाच चालू.
गाडी सिग्नलच्या पलीकडे कुठेतरी,
फाटक पडलेलं,
आणि हिरव्या सहा रेघा
सेकंदाला साठ वेळा पुसल्या जात,
साठ वेळा परत येत.